झऱ्याचा वाटा : माथेरानपासून कोपरपर्यंत

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरातील सह्याद्रीच्या रांगांत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर अशी गावे ओलांडीत ती कल्याणला येते आणि डोंबिवली-कोपरच्या परिसरात खाडीचे रूप धारण करते. कोपरकरांना नदीचे जे दर्शन घडते ते खाऱ्या पाण्याचे, भरती-ओहोटीचे. परंतु कल्याण-डोंबिवलीच्या घरोघरी नळाला जे पाणी येते ते मुख्यतः याच नदीतून वरच्या अंगाला उचललेले असते. मोहिली, बारावे, नेतिवली ही जलशुद्धीकरण केंद्रांची नावे नागरिकांच्या परिचयाची आहेत. नदीच्या पाण्यामागे धरणे आहेत, पाऊस आहे आणि डोंगराच्या पोटातून अखंड पाझरणारे लहान-मोठे झरेही आहेत. धरणांविषयी पुष्कळ लिहिले जाते. झऱ्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण झरा आटतो तेव्हा आवाज होत नाही.

झऱ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा, आणि शेजारच्या जमिनीत खोदणाऱ्याने किती पाणी काढावे, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. त्याचा इतिहास मात्र मोठा आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण कोपरहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, माथेरानच्या डोंगरावर लिहिले गेले आहे.

झरा म्हणजे काय?

पावसाचे पाणी जमिनीत मुरते. मुरता मुरता ज्या थरातून त्याला सहजी खाली जाता येत नाही अशा थरावर ते पोहोचते, तेथे अडते आणि आडवे वाहू लागते. हा थर डोंगराच्या उतारावर जेथे उघडा पडतो तेथे पाणी बाहेर येते. तोच झरा. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचून झालेला पर्वत. माथेरान, महाबळेश्वर यांसारख्या माथ्यांवर या काळ्या पाषाणावर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभा सच्छिद्र असतो; तो पावसाळ्यात पाणी पोटात घेतो आणि पुढे महिनोन्‌महिने थोडे थोडे सोडतो. जांभा आणि काळा पाषाण यांच्या सांध्यावर, चिकणमातीच्या पट्ट्यापाशी झरे फुटतात.

व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे तर झरा हे डोंगराच्या मुद्दलावरील व्याज आहे. पावसाळ्यात जमा होते आणि उन्हाळ्यात खर्च होतो. जमेपेक्षा खर्च वाढला की प्रथम झरा आटतो, कारण पाण्याची पातळी थोडी जरी खाली गेली तरी झऱ्याचे तोंड कोरडे पडते. विहिरीला खोल जाता येते, कूपनलिकेला त्याहून खोल जाता येते. झऱ्याला मात्र जागा सोडता येत नाही. त्यातही माथ्यावर खोल कूपनलिका घेतली आणि तिने तो अडवणारा थर भेदला, तर वर अडून राहिलेले पाणी त्या छिद्रातून खालच्या भेगांत उतरू शकते. मग पंप बंद ठेवला तरी झऱ्याची गळती थांबत नाही.

पोढी आणि कर्मादान

आपल्या प्रदेशात पाण्याच्या सोयीला दानधर्मात मोठे स्थान होते. कान्हेरीच्या लेण्यांत ठिकठिकाणी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. ही टाकी खोदविणाऱ्या दात्यांमध्ये कल्याण आणि सोपारा या बंदरांतील व्यापारी व कारागीर होते. कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पोढीचा लेख प्रसिद्ध आहे. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठच्या व्यापारी समाजाने आपल्या नफ्याचा एक भाग पाण्यासाठी बाजूला काढला होता. त्या बांधकामाची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. डोंगरावर पडणारा पाऊस अडवून साठवावा आणि साठलेले तेवढेच वापरावे, असा तिचा हिशेब होता.

जैन परंपरेने याच्याही पुढचा विचार मांडलेला दिसतो. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने जे पंधरा धंदे वर्ज्य मानावेत, त्यांची यादी ‘कर्मादान’ या नावाने आली आहे. त्यांतील एक म्हणजे ‘सर-द्रह-तडाग-शोषण’, अर्थात सरोवर, डोह, तलाव यांचे पाणी उपसून ते कोरडे करण्याचा धंदा. जमीन फोडण्याचा, खोदण्याचा व्यवसाय म्हणजे ‘स्फोटकर्म’, तेही त्याच यादीत आहे. या निषेधाचा हेतू जीवरक्षेचा आहे, आजच्या अर्थाने पर्यावरणाचा नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही जलस्रोत कोरडा पाडणे हा एखाद्याचा खासगी मामला नसून त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य जीवांशी केलेला व्यवहार आहे, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे. पाणी गाळल्यावर वस्त्रात राहिलेले जीव, ज्यांस ‘जिवाणी’ म्हणतात, ते ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडावेत असा आपल्या घरांतील जुना रिवाज. ज्या स्रोतातून घेतले त्या स्रोताचे देणे लागतो, एवढा अर्थ त्यातून सहज निघतो.

मालेट साहेबांचा डोंगर

माथेरानचा अर्वाचीन इतिहास १८५० सालापासून सुरू होतो. त्या वर्षी ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मालेट हे डोंगर चढून गेले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरान प्रसिद्धीस आले. तत्पूर्वी तेथे काही नव्हते असे मात्र नाही. ठाकूर, कातकरी, धनगर हे लोक त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर पिढ्यानुपिढ्या राहत होते आणि कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत चालतो हे त्यांना ठाऊक होते. नव्याने वसलेल्या बंगल्यांची तहान याच झऱ्यांनी भागवली. आजही ‘मालेट स्प्रिंग’ आणि ‘हॅरिसन स्प्रिंग’ ही नावे माथेरानच्या नकाशावर आढळतात. पुढे वस्ती वाढली तसे शार्लोट तलावाचे पाणी वापरात आले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर पोहोचली आणि येणाऱ्यांची संख्या वाढली.

त्या आगगाडीच्या मार्गावर ‘वॉटर पाइप’ नावाचे एक स्थानक आहे. कोपर-डोंबिवलीहून सहलीला जाणाऱ्या मुलांना त्या नावाची गंमत वाटते, पण त्यात एक संपूर्ण कथा दडलेली आहे. ज्या डोंगरावर पडलेले पाणी पूर्वेच्या उताराने उल्हास नदीला मिळते, त्याच डोंगरावर आज उल्हासचे पाणी नेरळजवळून पंपाने टप्प्याटप्प्याने चढवावे लागते. वरच्या झऱ्यांना आणि तलावाला पाहुण्यांची गर्दी पेलेनाशी झाली, म्हणून खाली गेलेले पाणी वीज खर्चून पुन्हा वर आणण्याची वेळ आली. उतारांवरील आदिवासी वाड्यांपर्यंत मात्र ही नळवाहिनी सहजी पोहोचत नाही. तेथे चैत्र-वैशाखात झऱ्याची धार बारीक झाली की हंडा घेऊन पायपीट करणे बायाबापड्यांच्या नशिबी येते. झऱ्याच्या रक्षणाचा प्रश्न हा निसर्गप्रेमाचा विषय आहेच. पण त्याआधी तो या वाड्यांच्या घोटभर पाण्याचा विषय आहे.

जमिनीचा मालक तो पाण्याचा मालक

झऱ्यांचे संरक्षण इतके अवघड का झाले, हे समजण्यासाठी कायद्याच्या इतिहासात डोकावले पाहिजे. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ हा खटला गाजला. शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींमुळे एका गिरणीवाल्याची विहीर आटली. न्यायालयाने सांगितले की, आपल्या जमिनीखालील पाणी काढण्याचा मालकास अधिकार आहे. त्यामुळे शेजाऱ्याचे नुकसान झाले तरी त्याला दाद मागता येणार नाही. १९०४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातही हेच घडले. एका रेल्वे कंपनीने मोठी विहीर खोदून दररोज सुमारे २५,००० गॅलन पाणी उपसले आणि शेजारच्या ईस्ट नावाच्या गृहस्थांची घरगुती विहीर कोरडी पडली. तेथेही निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यामागील एक कारण असे की, भूमिगत पाण्याच्या वाटा गूढ व अदृश्य असल्याने त्यांच्याविषयी नियम करणेच शक्य नाही.

हीच विचारसरणी भारतात १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातून आली. या अधिनियमाच्या सातव्या कलमाखालील एका उदाहरणात, ठराविक पात्रातून न वाहणारे जमिनीखालील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क मान्य केला आहे. १८९१ मध्ये हा अधिनियम मुंबई इलाख्याला लागू झाला. मोट आणि रहाट यांच्या काळात या हक्काने फारसे बिघडले नाही. बैलाच्या ताकदीला मर्यादा होती, विहिरीच्या खोलीला मर्यादा होती, म्हणून उपशालाही आपोआप मर्यादा होती. कायद्याने जी मर्यादा घातली नव्हती, ती बैलाने घातली होती.

१९७२ च्या दुष्काळानंतर चित्र पालटले. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदणारी यंत्रे खेडोपाडी गेली आणि लाखो लोकांचे प्राण वाचले, हे उपकार विसरता येणार नाहीत. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. पुढे मात्र विजेचा पंप आणि खोल कूपनलिका ही जोडी संकटकाळच्या सोयीची न राहता रोजच्या वापराची झाली. हक्क १८८२ चा आणि यंत्र विसाव्या शतकाचे, असा हा विषम संयोग होता.

महाराष्ट्राचे नियम

राज्याने पहिले मोठे पाऊल १९९३ मध्ये टाकले. पिण्याच्या पाण्यासाठी भूजल विनियमन करणाऱ्या त्या वर्षीच्या अधिनियमानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई झाली. मालकाच्या हक्कापुढे गावाची तहान श्रेष्ठ, हे तत्त्व त्यातून प्रथमच कायद्याच्या भाषेत उतरले. त्यानंतर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय भूजल प्राधिकरणाची वाट मोकळी झाली व १९९७ मध्ये ते अस्तित्वात आले. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम २०१४ पासून अंमलात आला. ६० मीटरहून खोल विहिरींवरील निर्बंध आणि पाणलोटनिहाय समित्यांची कल्पना ही त्याची ठळक वैशिष्ट्ये.

झऱ्यांचा नाव घेऊन उल्लेख मात्र वेगळ्याच दालनात झाला. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व आसपासच्या सुमारे २१५ चौरस किलोमीटर क्षेत्राबाबत तशीच अधिसूचना निघाली. मुंबईतील बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने आणि तिचे धुरीण श्याम चैनानी यांनी त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. या अधिसूचनांत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पहिली ही की, भूजल हे त्या भूखंडाच्या धारकाने खऱ्याखुऱ्या शेतीसाठी व घरगुती वापरासाठीच काढावे. संबंधित शासकीय यंत्रणेच्या पूर्वसंमतीविना त्याची विक्री करू नये. दुसरी ही की, सर्व नैसर्गिक झऱ्यांची पाणलोट क्षेत्रे निश्चित करावीत, त्यांच्या जतनाची आणि आटलेल्या झऱ्यांच्या पुनरुज्जीवनाची योजना विभागीय आराखड्यात घालावी व त्या जागी किंवा त्यांच्या निकट विकासकामांना आळा घालावा.

या दोन तरतुदींचा मेळ फार अर्थपूर्ण आहे. झरा वाचवावयाचा तर केवळ त्याच्या तोंडाशी कुंड बांधून, फरशी बसवून भागत नाही. तो जेथून भरतो ते वरचे रान आणि तेथील उपसा, दोन्ही ताब्यात हवेत. अधिसूचनेने हे तत्त्व मान्य केले. कागदावरील तत्त्व जमिनीवर उतरण्यास मात्र झऱ्याझऱ्याची नोंद, प्रवाहाचे मोजमाप आणि स्थानिकांचा पहारा लागतो, आणि हे काम संथ गतीने चालते. डोंगराच्या पायथ्याशी नेरळ-कर्जत-बदलापूर पट्ट्यात गृहसंकुले आणि विश्रामगृहे वाढत असताना ही संथ गती परवडणारी नाही.

परदेशांतील दोन दाखले

फ्रान्समध्ये १४ जुलै १८५६ रोजी खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी खास कायदा झाला. लोकहिताचा म्हणून जाहीर झालेल्या झऱ्याभोवती संरक्षक परिघ आखावा आणि त्या परिघात पूर्वपरवानगीविना भूमिगत काम वा छिद्रण करू नये, असा त्याचा गाभा होता. भूमिगत पाण्याच्या वाटा अदृश्य असल्या तरी नियम करता येतो, हे त्यातून दिसले. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे तानसा नदीकाठी उष्ण पाण्याची कुंडे आहेत. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाची स्मृती जपणाऱ्या वज्रेश्वरीच्या यात्रेकरूंनी तेथे पिढ्यानुपिढ्या स्नान केले आहे. अशा कुंडांसाठीही परिघाची ही कल्पना विचारात घेण्याजोगी आहे.

दुसरा दाखला पुन्हा टेक्सासचाच. ज्या राज्याने १९०४ मध्ये हात वर केले, त्याच राज्यातील एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यावर सॅन अँटोनियो हे मोठे शहर, शेती आणि कोमाल व सॅन मार्कोस हे विख्यात झरे अवलंबून आहेत. १९५६ च्या अवर्षणात कोमालचा झरा काही महिने पूर्णपणे थांबला आणि त्यातील एका चिमुकल्या माशाची तेथील वस्तीच नाहीशी झाली. पुढे १९९३ मध्ये संघराज्य न्यायालयाने दुर्मीळ जलचरांसाठी झऱ्यांचा किमान प्रवाह राखला पाहिजे असा निर्णय दिला. त्याच वर्षी राज्याने कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याची तरतूद केली. प्रत्येक मोठ्या विहिरीला मीटर आणि परवाना आला. २००७ च्या कायद्याने वार्षिक उपशाची एकूण मर्यादा ५,७२,००० एकर-फूट, म्हणजे सुमारे ७० कोटी घनमीटर ठरली. ठराविक निरीक्षण विहिरीची पातळी किंवा झऱ्याचा प्रवाह खाली गेला की सर्वांच्या उपशात टप्प्याटप्प्याने कपात होते. झरा तेथे सर्वांच्या खतावणीचा तराजू बनला आहे. एका लहानशा माशाच्या निमित्ताने एका महानगराला पाण्याचा हिशेब ठेवावा लागला, ही घटना जीवदयेचे संस्कार असलेल्या वाचकांना विशेष वाटेल.

आक्षेप आणि उत्तर

यावर आक्षेप नाहीत असे नाही. ज्याने कर्ज काढून विहीर खोदली त्या शेतकऱ्याने काय करावे? त्याच्या हक्काची भरपाई कोण देणार? टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये भूजलावरील मालकाचा हक्क ही संपत्ती असल्याचे मान्य केले. केरळमधील प्लाचिमाडा प्रकरणात २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही लोकांची ठेव आहे व शासन तिचे विश्वस्त आहे असे सांगितले, तर २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने जमीनमालकाच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. म्हणजे विद्वानांतही एकमत नाही.

तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. १८४३ चा नियम ज्या अज्ञानावर उभा होता ते अज्ञान आता उरलेले नाही. पाणी कोठून येते, किती मुरते, किती उपसले जाते, हे मोजता येते. मोजता येणाऱ्या वस्तूचा हिशेब न ठेवणे हा हक्क नव्हे, तो निष्काळजीपणा ठरतो. शिवाय नियमन म्हणजे बंदी नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर स्वतःहून बंधन घातले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तेथील शेतकरी त्यामुळे बुडाला नाही, उलट सावरला. ज्यांच्यावर नियम लागू होतो त्यांनीच तो केला, हे त्या यशाचे रहस्य.

कोपरचा हिशेब

उन्हाळ्यात उल्हास नदी वाहती राहते याचे मोठे श्रेय १९२२ पासून चालू असलेल्या भिवपुरीच्या जलविद्युत केंद्राला आहे. तेथून सोडलेले धरणाचे पाणी नदीत येते. त्यामुळे डोंगरातला एखादा झरा आटला तर कोपरच्या नळाची धार त्या दिवशी कमी होणार नाही. या सुरक्षिततेमुळेच शहरवासीयांना झऱ्याचा विसर पडतो. ज्यांना धरणाचा आधार नाही अशा वाड्या, जनावरे आणि रानातील जीव यांना मात्र तो आधार झऱ्याचाच असतो. आपल्या सुट्टीच्या दिवसांचे सुख आणि पायथ्याशी घेतलेले दुसरे घर यांचे पाणी कोठून येते, हे विचारणे म्हणूनच शहरवासीयांचे कर्तव्य ठरते.

गृहसंकुलांच्या आवारातील कूपनलिकांचा प्रश्न तर दाराशीच आहे. किती उपसा होतो याची नोंद ठेवणारा एक मीटर, गच्चीवरील पावसाचे पाणी गाळून जमिनीत सोडणारी एक वाहिनी आणि वार्षिक सभेत आर्थिक ताळेबंदासोबत वाचला जाणारा पाण्याचा ताळेबंद, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही सोसायटीला अशक्य नाहीत. डोंगरावर दुसरे घर घेणाऱ्याने करारनाम्यावर सही करण्यापूर्वी विकासकाला पाण्याचा स्रोत विचारावा आणि कूपनलिकेची परवानगी पाहावी. विक्रेत्याने कापडाचे माप दाखवावे आणि गिऱ्हाइकाने ते पाहून घ्यावे, हा बाजाराचा साधा नियम आहे. पाण्याच्या बाबतीत तो शिथिल करण्याचे कारण नाही.

कल्याणच्या ज्या सोनाराने कान्हेरीला पोढी दिली, त्याला त्या पाण्याचा एक थेंबही स्वतःसाठी नको होता. झऱ्याचा वाटा झऱ्याला ठेवणे हे त्याच जातीचे दान आहे. त्यासाठी काही द्यावे लागत नाही. जे आपले नाही ते घेण्याचे तेवढे टाळावे लागते.